निवृत्तीनंतर गाडी काढून नाटकं बघत फिरायचंय – तारखा नाटकांच्या धरायच्या की नातेवाइकांच्या?

पेन्शनर_पुणेकर

नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त, सौ. शाळेतून. दोघांनाही नाटकाचं वेड, पण नोकरीत असताना ते वेड रविवारच्या साडेपाचच्या प्रयोगापुरतं राहिलं. आता गाडी काढायची आणि महाराष्ट्रभर जिथे जे नाटक मिळेल ते बघत फिरायचं असं ठरतंय. व्यावसायिक, हौशी, कोकणातला दशावतार, विदर्भातली झाडीपट्टी, काहीही चालेल. वाटेत नातेवाईकही गाठायचे आहेत. माझी मोठी बहीण सांगलीला, सौ.ची मामेबहीण कुडाळला, आमचा मुलगा-सून नागपूरला.

अडचण अशी की नाटक संध्याकाळी असतं आणि नातेवाईकही संध्याकाळीच मोकळे असतात. दोन्ही कसं जमवायचं? आधी नाटकांच्या तारखा पक्क्या करून नातेवाइकांना कळवायचं, की नातेवाइकांना विचारून मग त्या गावात काय चाललंय ते बघायचं? आणि मुक्काम घरी की लॉजवर? अनुभवी लोकांनी सांगावं. प्रवास येत्या दिवाळीच्या आसपास सुरू करायचा विचार आहे.

कावेरी_क

वाचतेय. आमचंही हेच चाललंय घरात, फक्त आमच्याकडे 'हे' क्रिकेटच्या तारखा धरतात.

तिसरी_घंटा

काका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. व्यावसायिक नाटकाच्या तारखा तुम्ही दोन महिने आधी धरूच शकत नाही. मुंबई-पुण्याबाहेरचे प्रयोग दौऱ्यावर अवलंबून असतात. एखादं मंडळ नाहीतर स्थानिक ठेकेदार प्रयोग विकत घेतो, मग जाहिरात लागते, आणि ती बरेचदा आठ-पंधरा दिवस आधी. कलाकाराचं चित्रीकरण आलं की दौरा पुढे. त्यामुळे सांगली-कोल्हापूर-रत्नागिरीत पोहोचल्यावर स्थानिक वर्तमानपत्र घ्या, नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन बुकिंगवाल्याला विचारा. अ‍ॅपवर सगळे प्रयोग दिसत नाहीत, विशेषतः छोट्या गावातले. खिडकीवरच्या माणसाला मात्र पुढच्या महिन्याची डायरी तोंडपाठ असते.

आधी ठरवता येतील अशा गोष्टी तीनच. एक, सांगलीचा ५ नोव्हेंबर. दोन, कोकणातल्या जत्रा, कारण त्या तिथीवर चालतात. तीन, झाडीपट्टीचा हंगाम. शिवाय राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा असते, तिची केंद्रं गावोगावी असतात आणि वेळापत्रक सांस्कृतिक कार्य संचालनालय जाहीर करतं. केंद्र सुरू असेल त्या गावात रोज संध्याकाळी एक वेगळं नाटक, तिकीट नाममात्र. तुमच्यासारख्यांना यापेक्षा काय हवं?

कृष्णाकाठ

सांगलीकर म्हणून हजेरी लावतो. १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी आमच्या राजेसाहेबांपुढे 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून तो रंगभूमी दिन. दरवर्षी त्या दिवशी इथे विष्णुदास भावे गौरव पदक देतात. भावे नाट्यमंदिरात त्या संध्याकाळी बसायचा अनुभव घ्याच. दुसऱ्या दिवशी हरिपूरला जा, 'शारदा' लिहिणाऱ्या देवलांचं गाव, कृष्णा-वारणेचा संगम आहे. संगमावर बसून 'शारदा'तलं एखादं पद गुणगुणलात तरी कोणी हसणार नाही, उलट शेजारचा दुसरी ओळ घेईल.

पण काका, कॅलेंडर बघितलंत का? २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पाच तारखेला तुमची बहीण चकल्या तळत असणार. तुम्ही दारात उभे, ती म्हणणार या बसा, आणि तुम्ही म्हणणार आम्ही नाट्यमंदिरात निघालो!

पेन्शनर_पुणेकर

अरे देवा. हे लक्षातच आलं नव्हतं. आणि ११ ला भाऊबीज. ताई म्हणणार, आलायस तर भाऊबीज करूनच जा. म्हणजे पाच ते अकरा सांगलीत मुक्काम. ताईच्या घरी एवढे दिवस म्हणजे... ती वाचत नाही ना इथे?

माईंचा_कट्टा

मी यजमानांच्या बाजूने बोलते, कारण आमच्याकडे असे पाहुणे येऊन गेलेत. नवऱ्याचे चुलत भाऊ-वहिनी, दोघंही नाटकवेडे. आमच्या गावात नवं नाट्यगृह झालंय, तिथे महोत्सव होता म्हणून आले. रोज संध्याकाळी सहाला तयार होऊन बाहेर. मी विचारलं, जेवायचं काय? "तू काही करू नकोस, आम्ही बाहेर बघू." आता घरात पाहुणा असताना काही करू नकोस म्हणजे काय? मी भात-आमटी, भाजी, कोशिंबीर करून ठेवायची, पोळ्या डब्यात, वर ताट झाकून. साडेबाराला बेल. दार उघडलं की "अगं, आम्ही मिसळ खाल्ली, तू झोपली नाहीस?" मग सकाळी नवापर्यंत झोप, उठल्यावर चहा, आणि दुपारी कालच्या नाटकातल्या नेपथ्यावर तासभर चर्चा दोघांचीच. मी त्या नाटकाचा न सुद्धा पाहिलेला नाही, मी काय बोलणार?

मला एकदाही विचारलं नाही, तू येतेस का? तिकिटाचे पैसे मी दिलेही असते हो. मुद्दा तो नाही.

रमतगमत

माई, म्हणूनच लॉज. मी स्पष्ट बोलतो. चांगली स्वच्छ खोली घ्यायची, रात्री उशिरा यायचं, सकाळी उशिरा उठायचं, दुपारी नातेवाइकांकडे जेवायला जायचं, चार वाजता चहा घेऊन निघायचं. कोणी कोणाच्या झोपेत नाही. आमच्या वयात गुडघे, औषधं, रात्री दोनदा उठणं, हे सगळं दुसऱ्याच्या घरात नको वाटतं. त्यात यजमानांकडे वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली असेल तर संपलंच.

माईंचा_कट्टा

आणि गावभर झालं की बहिणीच्या गावात येऊन भाऊ लॉजवर राहिला! तुमच्या शहरात चालत असेल. सांगलीत चालणार नाही. कृष्णाकाठ, खरं की नाही?

कृष्णाकाठ

खरं. पहिल्या रात्रीच कोणीतरी "तुमचा भाऊ अमुक लॉजवर दिसला" असा फोन करेल. त्या मधल्या माणसाला सांगलीत 'वृत्तपत्र' म्हणतात.

घाटमाथा

मी नाटकाचा नाही, गाडीचा माणूस. दोन-चार गोष्टी.

१. पुणे-सांगली सरळ आहे, सातारा-कराड करत पेठ नाक्याला डावीकडे वळायचं, इस्लामपूरवरून सांगली. वाटेत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे हे टोलनाके. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर इथे चालतो. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, अशी योजना होती. पण तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आहे. पुणे-मुंबई द्रुतगती आणि समृद्धी यांवर चालत नाही. लोक तिथे जाऊन वाद घालतात म्हणून सांगून ठेवलं.

२. नाटक संपल्यावर रात्री गाव सोडायचं नाही. काहीही झालं तरी. साडेअकराला प्रयोग सुटतो, डोक्यात नाटक चालू असतं, आणि पुढ्यात उसाची ट्रॉली येते मागचा दिवा नसलेली. नोव्हेंबरात त्या पट्ट्यात गळीत हंगाम असतो. ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर, ना दिवा.

३. कोल्हापूर-सांगलीकडून कुडाळला उतरायला फोंडा घाट किंवा आजरा-आंबोली. आंबोलीत सकाळी लवकर धुकं असतं, दहानंतर निघा. घाटात उतरताना गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. काकू गाडी चालवतात का? आलटूनपालटून चालवली तर बरं.

४. नागपूर हा वेगळा प्रवास करा. कोकणातून थेट नागपूर वगैरे मनात आणू नका.

पेन्शनर_पुणेकर (पण लिहितेय मी, सौ.)

ह्यांनी लॉगइन तसंच ठेवून बाजारात गेलेत, म्हणून मी लिहून घेते. घाटमाथा, गाडी मी चालवते आणि ह्यांच्यापेक्षा बरी चालवते. हे शेजारी बसून "ब्रेक... ब्रेक..." म्हणतात ते बंद कसं करायचं तेवढं सांगा.

आता मूळ मुद्दा. ह्यांच्या धाग्यात ह्यांची बहीण आली, माझी मामेबहीण आली, मुलगा आला. माझा सख्खा भाऊ नाशकात आहे, तो गेला कुठे? भाऊबीज मलाही असते. आम्ही सांगलीला असणार म्हणजे माझी ओवाळणी पोस्टाने का?

माईंचं मात्र शंभर टक्के पटलं. आमच्या नणंदबाईंना संगीत नाटक प्रिय आहे, विनोदी नाटकाला त्या उठून जातात. त्यांना बरोबर घेऊन जायचं, हे कोणाला सुचलंच नाही. आणि लॉज हा शब्द मी पुन्हा ऐकणार नाही.

तिसरी_घंटा

काकू, आता धाग्याला खरी रंगत आली. काका बाजारातून परत आले की काय होतंय ते कळवा.

कावेरी_क

काकू, "ब्रेक ब्रेक"वर उपाय: त्यांच्या हातात प्रवासाचं वेळापत्रक आणि एक पेन द्या. पाच किलोमीटरला एकदा काहीतरी लिहायला लावा. आमच्याकडे चालतं.

कुडाळचो_बाबल्या

येवा, येवा. कुडाळात येवचा आसा तर आधी तिथी बघा, नाटक मागसून.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्याकडच्या जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतात. यंदा पौर्णिमा २४ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी ती नेमकी ५ नोव्हेंबरला होती, म्हणजे सांगली आणि कोकण एकाच दिवशी. यंदा मध्ये पुरेसं अंतर आहे, तुमचं नशीब. सावंतवाडीजवळ सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा याच सुमारास असते, तिची गर्दी अफाट. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी लहान गावची जत्रा गाठावी. अशा जत्रा मग मार्गशीर्षात आणि पुढेही रोज कुठे ना कुठे असतात. आंगणेवाडीची मात्र तिथीवर नसते, तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ती साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते. तिच्यासाठी थांबू नका.

दशावतार कसा बघायचा ते सांगतो, कारण शहरातले लोक नऊला येऊन खुर्चीत बसतात आणि अकराला कंटाळून जातात. पालखी देवळाभोवती फिरते, ओट्या भरणं होतं, मग मध्यरात्र उलटल्यावर खेळ. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर, हा सगळा आडदशावतार. मग आख्यान. मागे एक बाकडं, त्यावरच राजे, राण्या, राक्षस बसणार. हार्मोनियम, मृदंग, झांज. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरलेलं, संवाद तिथल्या तिथे. दोन कसलेले नट समोरासमोर आले की अर्धा तास वाद घालतात, एक पुराणातला दाखला देतो, दुसरा त्याच्यावर चढ. पहाटे दहीकाला. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि आमच्याकडचे स्त्रीपार्टी बघून शहरातल्या नट्या लाजतील.

एक करा. खेळ सुरू व्हायच्या आधी देवळाच्या मागे जा. तिथे नट आपापला पेटारा उघडून, भिंतीला आरसा टेकवून स्वतःच रंगत असतात. त्यांना त्रास न देता लांबून बघा. हातावर रंग घोळवून भुवई काढताना हात कसा थांबतो ते बघण्यासारखं असतं. माणूस बसलेला असतो आणि बघता बघता राजा उठतो.

मामेबहिणीकडे राहायचं असेल तर ती स्वतःच तुम्हाला जत्रेला घेऊन जाईल. इथे पाहुण्यांची समस्या उलटी आहे: तुम्ही झोपाल आणि यजमान जत्रेत जातील.

रमतगमत

बाबल्या, रात्री बारा ते पहाटे सहा जमिनीवर बसायचं? सत्तरीच्या माणसाने? गुडघा म्हणजे काय माहीत आहे का?

कुडाळचो_बाबल्या

प्लास्टिकची खुर्ची दहा मिनिटांत मिळते. आणि दोन वाजता डुलकी लागली तरी कोणी उठवत नाही. आमचे आजोबा मध्ये एक झोप काढून पुन्हा बरोबर युद्धाच्या वेळी उठत.

वडसा_एक्सप्रेस

विदर्भाचं कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. आमचं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. ऑफिसं तिथे, बुकिंग तिथे. भाऊबीजेपासून भंडारा-गोंदियाकडे मंडई लागते, म्हणजे गावोगावचा मेळा, त्या रात्री नाटक. मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, मग पुन्हा नाटक. हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. आमच्याकडे नाटक रात्री जेवणं उरकल्यावर सुरू होतं ते पहाटेपर्यंत. मध्ये नाच, गाणी, लावणी, वाद्यवृंद समोर बसलेला. पुण्याच्या लोकांना पहिला तास धक्का बसतो, आणि तिसऱ्या तासाला तेच टाळ्या मारतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळालं तेव्हा आमच्याकडे काय आनंद होता ते शब्दांत सांगता येत नाही.

मुलाकडे नागपूरला थांबा आणि तिथून या. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. दिवसा निघा. ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघ आहे, मस्करी नाही. संध्याकाळी रस्त्यावर गाडी थांबवून फोटो काढायला उतरायचं नाही. रात्रीचं नाटक संपलं तरी पहाट फुटेपर्यंत मंडपातच थांबा, इथे सगळेच थांबतात.

थंडीचं बघा. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर रात्र काढायची आहे. दोन घोंगड्या, कानटोपी, थर्मासमध्ये चहा. स्वेटर पुरत नाही.

घाटमाथा

पुणे-नागपूरसाठी अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी. ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता ५ जून २०२५ ला खुला झाला, तुम्हाला त्यातला अर्ध्याहून जास्त तुकडा मिळेल. रस्ता उत्तम, पण सरळसोट असल्याने डोळे जड होतात. दर दीड तासाला थांबा. टायर जुने असतील तर निघण्याआधी बदला, तो सिमेंटचा रस्ता टायरची परीक्षा घेतो. आणि वेगमर्यादा १२० आहे म्हणून १२० ने जाणं सक्तीचं नाही.

प्रॅक्टिकल_प्रसाद

राग येऊ देऊ नका, पण हे सगळं कशासाठी? पुण्यात बालगंधर्व, यशवंतराव, भरत, चिंचवडचं रामकृष्ण मोरे, एवढी नाट्यगृहं आहेत. सगळी चांगली नाटकं पुण्यात येतात. पेट्रोल, टोल, दगदग करून तेच नाटक सांगलीत बघायचं? घरी बसा, आठवड्याला दोन बघा. नातेवाइकांना व्हिडिओ कॉल करा.

तिसरी_घंटा

प्रसाद, दशावतार आणि झाडीपट्टी पुण्यात येते कुठे? महोत्सवात एखादा दोन तासांचा तुकडा येतो, तो बघून कळत नाही. आणि तेच नाटक सांगलीत बघणं वेगळंच असतं. मी एक दौरा कंपनीबरोबर बसने केलाय. दादरला ज्या वाक्याला हशा असतो तिथे इचलकरंजीत शांतता, आणि मधेच अशा जागी टाळी पडते की नटच चपापतो. प्रेक्षक बदलला की नाटक बदलतं.

प्रॅक्टिकल_प्रसाद

मान्य. पण व्हिडिओ कॉलवर कोणी बोललं नाही.

माईंचा_कट्टा

त्यावर बोलण्यासारखं काय आहे? फोनवर भाऊबीज होते का?

पंचगंगा_पार

कोल्हापूरचं सांगतो. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे ज्या गायक-नटाचं नाव त्याला आहे त्यांची, जयंती होती. शेजारीच कुस्त्यांचं खासबाग मैदान. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणारी म्हातारी माणसं मी स्वतः बघितली आहेत, त्यात आमचे शेजारी होते, त्यांनी आयुष्यात एकाही नाटकात काम केलेलं नाही, फक्त बघितलेलं. पुनर्बांधणी हाती घेतलेली आहे. तुम्ही याल तेव्हा काय स्थिती असेल ते बघून या, प्रयोग कुठे होताहेत ते इथल्या पेपरात कळेल.

माझा अनुभव विचाराल तर नातेवाईक-नाटक भानगडीला एक उपाय आहे. तिकिटं पाहुण्याने काढायची, यजमानांचीही. दुपारी सांगायचं नाही, आठवडा आधी फोनवर सांगायचं: "वहिनी, अमुक तारखेचं नाटक आहे, तुमची दोन तिकिटं मी काढतोय." मग त्या रात्रीचा स्वयंपाक हा प्रश्नच उरत नाही, सगळे मिळून बाहेर खातात. कोल्हापुरात तर जेवण बाहेर कुठे हा प्रश्न नसतोच.

रमतगमत

आणि यजमान म्हणाले आम्हाला नाटक आवडत नाही, तर?

पंचगंगा_पार

तर ते दोघं घरी निवांत मालिका बघतील, आणि तुम्हाला दाराची एक किल्ली देतील. किल्ली मागून घ्या हो, त्यात काय लाजायचं. बेल वाजवून कोणाला उठवू नका, हे माईंच्या पोस्टमधलं खरं दुखणं आहे.

माईंचा_कट्टा

अगदी!! किल्ली! मला हा शब्द सुचतच नव्हता.

सुजाता_स

अवांतर, पण महत्त्वाचं. नाट्यगृहांतल्या स्वच्छतागृहांवर कोणी बोलत नाही. मध्यंतर दहा मिनिटांचं, बायकांच्या रांगेत पंचवीस जणी, त्यातल्या निम्म्या साठीच्या पुढच्या. एका जिल्ह्याच्या गावी तर आतली कडीच नव्हती, दोघी-दोघींनी मिळून जायचं, एक आत, एक दार धरून. काकू, मध्यंतराच्या दोन मिनिटं आधी उठायला शिका. आणि तिकीट काढताना बाल्कनीचं काढू नका, लिफ्ट नसते. कडेची खुर्ची, पायऱ्यांपासून लांब.

कावेरी_क

सुजाता, +१. आणि मागच्या रांगेत मोबाइलवर उजेड पाडून "हो, नाटकाला आलोय" सांगणाऱ्यांना काय शिक्षा असावी?

कुडाळचो_बाबल्या

दशावतारात मोबाइल वाजला की राक्षस स्वतःच त्या दिशेने बघून म्हणतो, "कोण रे तो, पाताळातून निरोप आला वाटतं?" संहिता नसण्याचा हा फायदा.

फोंडा_ते_फोंडा

कुडाळपर्यंत येताय तर गोव्यात उतराच. पणजीची कला अकादमी चार्ल्स कोरिया यांनी उभी केलेली, मांडवीच्या काठावर. आणि इथल्या देवळांच्या उत्सवात गावकरी स्वतः मराठी नाटक करतात, दिवसभर दुकान चालवणारा रात्री शिवाजी होतो. तियात्र, म्हणजे गोव्याचं गाण्यांनी भरलेलं नाटक, कोंकणीत असतं, भाषा थोडी लागेल, पण प्रेक्षकांकडे बघितलं तरी पैसे वसूल.

पेन्शनर_पुणेकर

(हा मी, मालक. सौ.नी माझ्या नावाने लिहिलेलं वाचलं. "ब्रेक" मी फक्त वळणावर म्हणतो.)

सगळ्यांचे आभार. काल रात्री कॅलेंडर, नकाशा आणि तुमचा धागा घेऊन बसलो. ताईला फोन केला. तिला म्हटलं, ५ तारखेला येतो, भावे नाट्यमंदिरात तिघं जाऊ. ती म्हणाली, "पाचला नको, माझ्या करंज्या राहतील. दहाला ये, पाडव्याला, आणि अकराला ओवाळून घे. पाच तारखेचं पुढच्या वर्षी बघू, नाटक कुठे पळतंय का?" यंदाचा ५ नोव्हेंबर गेला. वाईट वाटलं, पण बहिणीने ठरवलं म्हटल्यावर अपील नाही. मग ती स्वतःच म्हणाली की दिवाळीनंतर हौशी स्पर्धेचं केंद्र लागलं तर मला सोडून जायचं नाही. तिने तिच्या मैत्रिणीची पण जागा मागितली आहे.

सौ.चा भाऊ भाऊबीजेला सांगलीलाच येतोय, सहकुटुंब. म्हणजे ताईचं घर भरणार. त्यामुळे रमतगमत यांना गुपचूप एक सांगतो, लॉजचा विषय ताईनेच काढला. आम्हा दोघांसाठी नव्हे, सौ.च्या भावाच्या कुटुंबासाठी.

अकरानंतर कोल्हापूर, मग फोंडा घाटाने खाली, २४ च्या आधी कुडाळ. नागपूर-वडसा जानेवारीत, मुलाची सुट्टी बघून. सुनेला झाडीपट्टीचं सांगितलं, ती म्हणाली, "बाबा, मी इथे सहा वर्षं आहे, मला कोणी नेलं नाही, मी येणार." तिकिटं मी काढतोय.

माईंचा_कट्टा

काका, ताई ग्रेट आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

वडसा_एक्सप्रेस

जानेवारीत या, पण संक्रांतीच्या आठवड्यात कंपन्या फार बिझी असतात, रोज वेगळं गाव. वडशात सकाळी ऑफिसात विचारा आज कुठे, ते गाव सांगतील. जवळचं गाव निवडा. मी इथेच आहे, येण्याआधी मेसेज टाका.

कृष्णाकाठ

पाडव्याला येताय तर एक दिवस मला द्या, हरिपूर मी दाखवतो. ताईंच्या मैत्रिणीलाही आणा, गाडीत जागा असेल तर.

घाटमाथा

गाडीत पाच माणसं, फराळाचे डबे आणि पुढे फोंडा घाट. टायरची हवा तपासून घ्या.

कावेरी_क

आणि काकांना मागच्या सीटवर बसवा, मधोमध. तिथून ब्रेक दिसत नाही.